शूटिंग गार्डचे मोल: फँटसी बास्केटबॉलच्या ड्राफ्टमागचा हिशेब

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम दरवर्षी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत जगभरातील लाखो क्रीडारसिक कागदावरचा, खरे तर आता संगणकाच्या पडद्यावरचा, आपापला संघ उभारण्याच्या तयारीला लागतात. या खेळाला फँटसी बास्केटबॉल म्हणतात. त्यात साधारणपणे दहा किंवा बारा जण एकत्र येऊन लीग स्थापन करतात, ठरलेल्या दिवशी पाळीपाळीने एनबीएतील खऱ्या खेळाडूंची निवड करतात आणि त्यानंतर त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यांत केलेल्या कामगिरीचे आकडे निवडणाऱ्याच्या खात्यात जमा होत राहतात. एकाने निवडलेला खेळाडू त्या लीगमध्ये दुसऱ्या कोणाला मिळत नाही. निवडीच्या या कार्यक्रमाला ड्राफ्ट असे नाव आहे. आपली पाळी आल्यावर निर्णयासाठी मिनिट-दीड मिनिटापेक्षा अधिक वेळ बहुधा मिळत नसल्याने ड्राफ्टला बसणाऱ्याकडे खेळाडूंची क्रमवारी आधीच तयार असावी लागते. ती लावताना सर्वांत अधिक फसगत होते ती शूटिंग गार्ड या जागेच्या बाबतीत, कारण ज्या गुणासाठी हे खेळाडू प्रसिद्ध असतात तोच गुण फँटसीच्या बाजारात सर्वांत स्वस्त असतो.

फँटसी खेळांचे आजचे रूप बेसबॉलमधून आले. लेखक व संपादक डॅनियल ओक्रेंट यांनी १९८० मध्ये मित्रांसह बेसबॉलची अशी लीग सुरू केली आणि ही मंडळी न्यूयॉर्कमधील ज्या फ्रेंच उपाहारगृहात जमत त्याच्या नावावरून तिला रोटिसरी लीग हे नाव पडले. बास्केटबॉलमध्ये हा प्रकार रुजू शकला, याचे एक कारण असे की तोवर एनबीएने खेळाडूंच्या कामगिरीची सविस्तर नोंद ठेवण्यास प्रारंभ केला होता. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणे म्हणजे स्टील आणि त्याने फेकलेला चेंडू हवेतच अडवणे म्हणजे ब्लॉक; या दोहोंची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून मिळते, हातचा चेंडू गमावण्याची म्हणजे टर्नओव्हरची नोंद १९७७-७८ पासून मिळते आणि तीन गुणांची रेषा तर १९७९-८० मध्ये आखली गेली. विल्ट चेंबरलेनने मार्च १९६२ मध्ये एकाच सामन्यात १०० गुण केले खरे, परंतु त्याने त्या काळात किती ब्लॉक केले हे कोणी मोजलेच नसल्यामुळे फँटसीच्या आजच्या निकषांवर त्याचे पूर्ण मूल्यमापन कधीही करता येणार नाही.

आजच्या सर्वाधिक रूढ पद्धतीत नऊ रकाने असतात. गुण, रिबाउंड म्हणजे चुकलेल्या फेकीनंतर परत उसळलेला चेंडू ताब्यात घेणे, असिस्ट म्हणजे सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारा पास, स्टील, ब्लॉक आणि यशस्वी थ्री-पॉइंटर म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून साधलेली फेक, अशा सहा रकान्यांत केवळ बेरीज होते. फील्ड गोलची टक्केवारी, म्हणजे खेळ चालू असताना केलेल्या एकूण फेकींपैकी यशस्वी फेकींचे प्रमाण, आणि प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगानंतर मिळणाऱ्या फ्री थ्रोची टक्केवारी असे आणखी दोन रकाने असतात, तर नववा रकाना टर्नओव्हरचा असून त्यात आकडा जितका कमी तितके चांगले. रोटिसरी पद्धतीत हंगामाच्या शेवटी प्रत्येक रकान्यात सर्व संघांचे क्रम लावून त्या क्रमांची बेरीज केली जाते. हेड-टू-हेड पद्धतीत मात्र दर आठवड्याला दोन संघ समोरासमोर येतात आणि नवांपैकी अधिक रकाने जिंकणारा तो आठवडा जिंकतो. याखेरीज पॉइंट्स लीग नावाचा एक सोपा प्रकार आहे, ज्यात प्रत्येक कृतीला ठराविक गुण देऊन सर्वांची एकच बेरीज केली जाते.

भारतात फँटसी खेळ हा शब्द ऐकताच आठवतो तो एका दिवसापुरता, बहुतांशी क्रिकेटचा, पैसे लावून खेळला जाणारा प्रकार. मुंबईतून चालणाऱ्या ड्रीम इलेव्हन या कंपनीने तो घरोघरी पोहोचवला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांच्या नियमनाचा कायदा संमत करून पैशांच्या अशा खेळांवर बंदी घातली आणि त्यानंतर या कंपनीने आपल्या पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. पैसे न लावता मित्रांमध्ये हंगामभर खेळल्या जाणाऱ्या लीगचे स्वरूप मुळातच निराळे आहे. तिच्यात एका दिवसाच्या नशिबापेक्षा सहा महिन्यांच्या व्यवस्थापनाला अधिक महत्त्व असते, आणि पुढील विवेचन तिच्यापुरतेच आहे.

बास्केटबॉलच्या पाच जागांपैकी पॉइंट गार्ड हा चेंडू पुढे नेऊन चाल रचतो, तर शूटिंग गार्ड ही दुसऱ्या क्रमांकाची जागा परंपरेने लांबून व मध्यम अंतरावरून अचूक फेक करणाऱ्यासाठी राखलेली असते. मायकेल जॉर्डन, कोबी ब्रायंट, रेजी मिलर, रे ॲलन, ड्वेन वेड ही या जागेवरची ठळक नावे होत. गेल्या काही दशकांत जागांमधील सीमा पुसट झाल्या आहेत आणि क्रमवारी लावणाऱ्याने ही गोष्ट आधीच ध्यानात घेतली पाहिजे. जेम्स हार्डन ह्यूस्टनकडून खेळताना शूटिंग गार्ड होता. २०१६-१७ मध्ये प्रशिक्षक माइक डँटोनी यांनी त्याच्याकडे पॉइंट गार्डचे काम सोपवले आणि त्या हंगामात त्याने दर सामन्याला सरासरी ११.२ असिस्ट देऊन लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९-२० मध्ये ख्रिस पॉलच्या जोडीने शूटिंग गार्ड म्हणून खेळत होता. पॉल संघ सोडून गेल्यावर चेंडू त्याच्याच हाती आला आणि आकडे पालटले. फँटसी संकेतस्थळे एका खेळाडूला दोन जागांची पात्रताही देतात. अशा खेळाडूला संघात कोठेही बसवता येत असल्याने आकडे समान असतील तेव्हा त्याला एक पायरी वर ठेवणे रास्त ठरते, परंतु त्यापेक्षा अधिक मोल या सोयीला देऊ नये.

आता स्वस्ताईचा मुद्दा. तीन गुणांची रेषा आली त्या पहिल्या हंगामात एक संघ एका सामन्यात सरासरी तीनपेक्षाही कमी वेळा तिच्याबाहेरून फेक करत असे. २०२४-२५ मध्ये हीच सरासरी ३७ च्या पुढे गेली. १९८७-८८ च्या हंगामात मायकेल जॉर्डनने सर्व ८२ सामने खेळून सरासरी ३५ गुण मिळवले, पण संपूर्ण हंगामात त्याचे यशस्वी थ्री-पॉइंटर होते केवळ ७. याउलट हार्डनने २०१८-१९ मध्ये ३७८ आणि अँथनी एडवर्ड्सने २०२४-२५ मध्ये ३२० थ्री-पॉइंटर नोंदवले. आजच्या एनबीएत उंचापुरा सेंटरही रेषेबाहेर उभा राहून फेक करतो, आणि त्यामुळे थ्री-पॉइंटर हा रकाना भरून काढण्यासाठी शूटिंग गार्डच हवा अशी स्थिती उरलेली नाही. गुणांचेही काहीसे तसेच आहे, कारण सरासरी पंधरा गुण मिळवणारा खेळाडू ड्राफ्टच्या उत्तरार्धातही सापडतो. जॉर्डनच्या त्या हंगामाकडे फँटसीच्या नजरेने पाहिले तर थक्क करणारे आकडे दुसरेच आहेत: २५९ स्टील, १३१ ब्लॉक आणि फील्ड गोलची ५३.५ टक्के अचूकता. गार्डने शंभराहून अधिक ब्लॉक करणे ही घटना तेव्हाही दुर्मीळ होती आणि आजही आहे.

या दुर्मीळतेचे मोल कळण्यासाठी बडी हील्डचे उदाहरण उपयोगी पडेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या वरळी येथील एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सरावसामने झाले, भारतातील पहिलेच, आणि त्यांत इंडियाना पेसर्सविरुद्ध खेळलेल्या सॅक्रामेंटो किंग्ज या संघात हील्ड होता. आदल्या २०१८-१९ च्या हंगामात त्याने सर्व ८२ सामने खेळून २७८ थ्री-पॉइंटर व सरासरी २०.७ गुण अशी, एरवी कोणाच्याही डोळ्यांत भरावी अशी, कामगिरी केली होती. परंतु त्याचे असिस्ट, स्टील आणि ब्लॉक बेताचेच असल्यामुळे नऊपैकी दोन-तीन रकान्यांपलीकडे त्याचा हात फारसा पोहोचत नसे. बॉस्टनचा डेरिक व्हाइट हा नेमका उलट्या घडणीचा खेळाडू आहे. २०२४-२५ मध्ये त्याने सरासरी १६.४ गुण मिळवले, म्हणजे वृत्तपत्रातील मथळ्यात त्याचे नाव क्वचितच आले असेल. मात्र त्याच वेळी साडेतीनच्या आसपास थ्री-पॉइंटर, जवळजवळ पाच असिस्ट आणि गार्डच्या बाबतीत विरळाच आढळणारा सामन्यामागे एकाहून अधिक ब्लॉक, असे सर्व बाजूंनी भरलेले पान त्याने दाखवले.

वेगवेगळ्या रकान्यांची अशी तुलना करण्यासाठी जाणकार प्रमाणित गुणांकाचा आधार घेतात. ही संकल्पना संख्याशास्त्रातील असून तिचा अर्थ सोपा आहे: एखाद्या रकान्यात खेळाडूचा आकडा इतरांच्या सरासरीपासून किती दूर आहे हे पाहायचे आणि त्या अंतराला त्या रकान्यातील नेहमीच्या चढउताराने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागायचे. बारा संघांच्या लीगमध्ये प्रत्येकी १३ याप्रमाणे १५६ खेळाडू निवडले जातात. हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू की या खेळाडूंची गुणांची सरासरी १६ व विचलन ६ आहे, तर ब्लॉकची सरासरी ०.६ व विचलन ०.५ आहे. फिनिक्सच्या डेव्हिन बुकरने २०२४-२५ मध्ये सरासरी २५.६ गुण मिळवले. त्याचा गुणांच्या रकान्यातील गुणांक १.६ येतो आणि व्हाइटचा जवळपास शून्य. ब्लॉकच्या रकान्यात मात्र सामन्यामागे १.१ ब्लॉक करणाऱ्या व्हाइटचा गुणांक अधिक १ येतो आणि ०.२ ब्लॉक करणाऱ्या बुकरचा उणे ०.८. नऊ गुणांच्या प्रचंड भासणाऱ्या आघाडीने बुकरला दीड एकक मिळवून दिले, आणि सामन्यामागे एक ब्लॉकही न भरणाऱ्या फरकाने व्हाइटला १.८ एकक मिळाले. बुकर सात असिस्ट व फ्री थ्रोची उत्तम टक्केवारी यांच्या बळावर बरेचसे अंतर भरून काढतो, म्हणून तो व्हाइटच्या खाली जातोच असे नाही. परंतु केवळ गुणांवर विसंबून दोघांमध्ये तीन फेऱ्यांचे अंतर ठेवणारी क्रमवारी चुकीची असते, एवढे निश्चित.

या पद्धतीवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. स्टील आणि ब्लॉक हे मुळात छोटे आकडे आहेत आणि छोट्या आकड्यांत योगायोगाचा भाग मोठा असतो. सरासरी दीड स्टील करणारा खेळाडू एखाद्या आठवड्यात चार सामन्यांत दहा स्टील करील आणि पुढच्या आठवड्यात दोनच करील. रोटिसरी पद्धतीत हंगामभराची बेरीज होत असल्याने हा चढउतार विरून जातो, पण हेड-टू-हेडमध्ये निकाल दर आठवड्याला लागत असल्याने तेथे गुणांकाने दाखवलेल्या स्टीलच्या मूल्यात थोडी घट धरून चालणे शहाणपणाचे. अटलांटाचा डायसन डॅनियल्स हा त्याला अपवाद म्हणावा लागेल. या ऑस्ट्रेलियन गार्डने २०२४-२५ मध्ये २२९ स्टील करून सामन्यामागे तीनची सरासरी गाठली, जी १९९०-९१ मध्ये ॲल्विन रॉबर्टसनने गाठल्यानंतर कोणालाही साधली नव्हती, आणि सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूचा पुरस्कारही त्याला मिळाला. एवढ्या मोठ्या सरासरीपुढे आठवड्याचा चढउतार गौण ठरतो. एकटा डॅनियल्स संघात असला तरी स्टीलचा रकाना बहुतेक आठवडे हाती राहतो.

डॅनियल्सच्या नावापुढे एक लालफुलीही आहे आणि ती टक्केवारीच्या रकान्यांकडे नेते. त्या हंगामात त्याची फ्री थ्रोची टक्केवारी साठच्याही खाली होती. गार्डकडून ऐंशीच्या पुढची टक्केवारी अपेक्षित असताना हा आकडा भयंकर वाटतो, परंतु टक्केवारीचा परिणाम फेकींच्या संख्येवर अवलंबून असतो आणि डॅनियल्स फ्री थ्रोच्या रेषेवर फारच कमी वेळा जातो. हेच तत्त्व उलट्या बाजूने पाहायचे तर २०१८-१९ चा हार्डन पाहावा. सामन्यामागे ११ फ्री थ्रो आणि त्यांत ८७.९ टक्के यश. संघाची सर्वसाधारण पातळी ७८ टक्के धरली तर हार्डन दर सामन्यात त्या पातळीपेक्षा एकाहून थोडे अधिक यशस्वी फ्री थ्रो जास्त देत होता, तर सामन्यामागे दोनच फ्री थ्रो घेणारा आणि ९२ टक्के अचूक असलेला एखादा खेळाडू जेमतेम ०.३ ची भर घालतो. म्हणजे ८८ टक्क्यांचा माणूस ९२ टक्क्यांच्या माणसापेक्षा जवळपास चौपट उपयोगी ठरला. दुर्दैवाने त्याच हार्डनने सामन्यामागे २४.५ फेकी करून त्यांतील ४४.२ टक्केच साधल्या होत्या, आणि म्हणून फील्ड गोलच्या रकान्यात त्याचा भार सर्व संघाला उचलावा लागे. शूटिंग गार्डची जागा या रकान्यात पिढ्यान्‌पिढ्या दुबळी राहिली आहे, कारण लांबच्या फेकी अधिक चुकतात. म्हणूनच भरपूर फेकी करूनही निम्म्याहून अधिक साधणारा गार्ड, जसा आजचा गिल्जस-अलेक्झांडर, क्रमवारीच्या अगदी शिखरावर जाऊन बसतो. २०२४-२५ मध्ये त्याने ३२.७ गुणांची सरासरी ५१.९ टक्के फील्ड गोल आणि ८९.८ टक्के फ्री थ्रो यांसह राखली, शिवाय दीडाहून अधिक स्टील आणि एक ब्लॉक. अशा खेळाडूला नावडता रकानाच नसतो.

टर्नओव्हरचा रकाना सर्वांत विचित्र आहे, कारण तो चांगल्या खेळाडूलाच अधिक दंड करतो. चेंडू ज्याच्या हाती अधिक वेळ, त्याच्याकडून तो अधिक वेळा सुटणार हे उघड आहे. हार्डनने २०१६-१७ मध्ये ४६४ टर्नओव्हर केले, जो एका हंगामातील एनबीएचा विक्रम आहे, आणि त्याच हंगामात तो सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आला. या रकान्यात वरचढ राहण्यासाठी मोठे खेळाडू टाळणारा माणूस एक रकाना जिंकण्यासाठी चार हरतो. अनेक जुन्या लीगनी हा रकाना काढून टाकून आठ रकान्यांवरच खेळणे पसंत केले आहे, आणि तो निर्णय योग्यच आहे. पॉइंट्स लीगमध्ये तर चित्र आणखी बदलते. तेथे टक्केवारीचे रकाने स्वतंत्र नसल्यामुळे खूप फेकी करणारा, अधूनमधून चुकणारा, पण सतत चेंडू हाती असलेला गार्ड वर चढतो, आणि व्हाइटसारख्याचे मोल घटते. एकच खेळाडू एका लीगमध्ये तिसऱ्या फेरीचा आणि दुसऱ्या लीगमध्ये सहाव्या फेरीचा असू शकतो, यात विसंगती काहीच नाही.

संघाच्या घडणीनुसारही क्रम बदलतो. एखादा रकाना जाणूनबुजून सोडून द्यायचा आणि बाकीचे भक्कम करायचे, या डावपेचाला फँटसीच्या भाषेत पंट म्हणतात. हेड-टू-हेडमध्ये नवांपैकी पाच रकाने जिंकले तरी आठवडा जिंकता येतो, म्हणून हा डावपेच तेथे चालतो. रोटिसरीत तो सहसा महाग पडतो, कारण सोडलेल्या रकान्यातला शेवटचा क्रमांक हंगामभर पाठ सोडत नाही. पहिल्या फेरीत यानिस अँटेटोकुम्पोसारखा फ्री थ्रोला कच्चा, पण इतरत्र प्रचंड खेळाडू घेतला असेल, तर फ्री थ्रोचा रकाना तसाही हातचा गेलेलाच असतो. अशा संघासाठी डॅनियल्सचा एकमेव दोष नाहीसा होतो आणि बुकरचे एक मोठे बलस्थानही वाया जाते. छापील क्रमवारी मात्र सर्वांसाठी एकच असते. ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीनंतर ती जशीच्या तशी वापरणाऱ्याला आपल्या संघाला काय हवे आहे हे ठाऊकच नसते, असे म्हणणे अन्यायाचे ठरू नये.

सरासरी आकडे कितीही देखणे असले तरी खेळाडू मैदानात नसेल तर ते शून्यच, आणि एनबीएत अलीकडे ही चिंता वाढली आहे. ८२ सामन्यांच्या हंगामात प्रमुख खेळाडूंना अधूनमधून विश्रांती देण्याची प्रथा इतकी वाढली की २०२३-२४ पासून सर्वोत्तम खेळाडूसह बहुतेक मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट लीगला घालावी लागली. या अटीमुळे आघाडीच्या गार्डना मैदानात राहण्याचे कारण मिळाले खरे, पण दुखापत अट पाळत नाही. क्ले थॉम्सन हा गोल्डन स्टेटचा विख्यात नेमबाज, ज्याने जानेवारी २०१५ मध्ये एकाच सत्रात ३७ गुण आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये एकाच सामन्यात १४ थ्री-पॉइंटर नोंदवले. पहिल्या आठ हंगामांत कोणत्याही वर्षी त्याचे नऊपेक्षा अधिक सामने चुकले नव्हते; सर्वांत भरवशाचा गार्ड म्हणून त्याच्याकडे पाहिले जाई. जून २०१९ च्या अंतिम मालिकेत त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले, तो बरा होत असताना नोव्हेंबर २०२० मध्ये टाचेवरचा स्नायुबंध तुटला आणि सलग दोन हंगाम गमावून तो थेट जानेवारी २०२२ मध्ये परतला. त्यामुळे पूर्वीच्या हजेरीवरून भविष्य वर्तवण्याला मर्यादा आहेत, तरी वयाची तिशी ओलांडलेल्या आणि गेल्या तीन हंगामांत वारंवार बसून राहिलेल्या गार्डला त्याच्या सरासरीच्या क्रमापेक्षा दोन फेऱ्या खाली ठेवणे व्यवहार्य ठरते. हेड-टू-हेड लीगचे बादफेरीचे आठवडे मार्चच्या उत्तरार्धात व एप्रिलच्या प्रारंभी येतात, आणि नेमक्या त्याच वेळी तळाचे संघ पुढील वर्षीच्या नवोदितांच्या निवडीत वरचा क्रमांक मिळावा म्हणून आपल्या चांगल्या खेळाडूंना बसवून ठेवतात. तळाच्या संघातला वीस गुणांचा गार्ड नोव्हेंबरमध्ये सोन्यासारखा वाटतो आणि सर्वांत गरज असते तेव्हा सापडत नाही.

क्रमवारी म्हणजे एकाखाली एक लिहिलेली नावे, असा समज असला तरी अनुभवी मंडळी गट पाडून काम करतात. एका गटात साधारण समान मोलाचे पाच-सहा गार्ड असतील, तर त्यांतला कोणताही एक मिळाला तरी चालतो आणि म्हणून घाई करण्याचे कारण नसते. गटात एकच नाव उरले असेल तर मात्र पुढच्या पाळीपर्यंत थांबणे धोक्याचे. स्नेक ड्राफ्ट नावाच्या नागमोडी पद्धतीत प्रत्येक फेरीत पाळीचा क्रम उलटतो. बारा जणांच्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर बसलेल्याला पहिली, चोविसावी आणि पंचविसावी निवड मिळते, म्हणजे मध्ये बावीस खेळाडू निघून जातात. लिलाव पद्धतीत प्रत्येकाला काल्पनिक दोनशे डॉलर दिले जातात आणि बोली लावून खेळाडू घ्यावे लागतात. तेथे गटांचा हिशेब थेट किमतीत उतरतो. दोन्ही पद्धतींत मोजायची गोष्ट एकच: खेळाडू स्वतः किती चांगला आहे यापेक्षा ड्राफ्ट संपल्यावर फुकट उरलेल्या गार्डपेक्षा तो किती चांगला आहे. उरलेल्यांमध्ये पंधरा गुण आणि अडीच थ्री-पॉइंटर देणारे गार्ड दर वर्षी सापडतात. ब्लॉक करणारा, किंवा टक्केवारी न घसरवता सात असिस्ट देणारा गार्ड तेथे उरत नाही.

२०२४-२५ चे आकडे आधाराला धरून नऊ रकान्यांच्या साप्ताहिक लीगसाठी या जागेचा क्रम लावायचा झाला, तर जेथे गिल्जस-अलेक्झांडरला शूटिंग गार्डची पात्रता असेल तेथे त्याच्याशी स्पर्धा करणारा दुसरा कोणी नाही. त्यानंतर एडवर्ड्स, ज्याने ७९ सामने खेळून २७.६ गुणांची सरासरी राखली आणि थ्री-पॉइंटरमध्ये लीगमध्ये पहिला आला. त्याच्या खालच्या गटात बुकर, क्लीव्हलँडचा डोनोव्हन मिचेल आणि सामन्यामागे ८.७ असिस्ट देऊनही फील्ड गोलची टक्केवारी आणि टर्नओव्हर यांत तोटा देणारा, पस्तिशीतला हार्डन. व्हाइट आणि डॅनियल्स यांना या गटाच्या लगोलग खाली ठेवावे, आणि फ्री थ्रो सोडलेल्या संघाने तर डॅनियल्सला याच गटात आणावे. मायामीचा टायलर हेरो आणि लॉस एंजेलिस लेकर्सचा ऑस्टिन रीव्ह्ज हे गुणांच्या यादीत डॅनियल्सच्या बरेच वर दिसतात, पण त्यांची जागा त्याच्यानंतरची आहे. आणि थ्री-पॉइंटरखेरीज फारसे काही न देणारे नेमबाज, त्यांत डॅलसला गेलेला थॉम्सनही आला, शेवटच्या तीन फेऱ्यांतही हाती लागतात. त्यांच्यावर पाचवी-सहावी फेरी खर्च करू नये.